माळ्यावरचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी भंगार आणि कचरा हा विषय मी का निवडला, असं काही जणांना वाटेल. कारण सरळ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा माळे रिकामे होते. आज ते भरलेत. माळ्यावर मावलं नाही ते बाल्कनीत आलं, बाल्कनीतून जिन्यात आणि जिन्यातून पार्किंगमध्ये. पार्किंगमधल्या सायकली कोणाच्या, हे आता त्यांच्या मालकांनाही आठवत नसेल! जिन्यातल्या सामानाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. उद्या आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच आहे.

मी बँकेत आयुष्य काढलं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा ताळेबंद मांडायची सवय आहे. भंगारालाही दोन बाजू असतात. जमेच्या बाजूला लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, रद्दी, पुठ्ठा. याचे आपल्याला पैसे मिळतात. नावेच्या बाजूला कापसाची गादी, फुगलेलं प्लायवूड, फुटलेलं बेसिन, आरसा, बाथरूमच्या जुन्या फरशा. याला कोणी गिऱ्हाईक नाही. ते उचलायला, वाहून न्यायला आणि योग्य जागी टाकायला पैसे लागतात.

आता एखादा टेम्पोवाला येतो आणि म्हणतो, "काका, एक रुपया देऊ नका, सगळं घेऊन जातो." आपण खूश! पण विचार करा. लोखंड तो विकेल. गादी आणि फरशा कुठे नेईल? डिझेल खर्चून लांबच्या डेपोवर तर नक्कीच नेणार नाही. रात्री मुठेच्या काठाला नाहीतर टेकडीच्या पायथ्याला गाडी रिकामी होते. नदीपात्रातला राडारोडा काही आभाळातून पडलेला नाही. तो तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरांतूनच गेलेला आहे. फुकट नेलेल्या सामानाचं बिल कोणीतरी भरतंच, फक्त ते आपल्या नावावर येत नाही.

दुसरा धोका आपल्या घरातला. आपल्यातल्याच एका वहिनी यजमान गेल्यानंतर एकट्या राहतात, मुलं परदेशी. त्यांनी घर आवरायला घेतलं. आलेल्या माणसाने लोखंडी कपाटाबरोबर तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळ ताणकाट्याला अडकवलं आणि सगळ्याला लोखंडाचा भाव लावला. तांब्या-पितळेचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो. त्यात तो बंब त्यांच्या सासूबाईंचा. वहिनींना पैशाचं फारसं वाटलं नाही, पण "मी एकटी बघून फसवलं" हे त्या दोनदा बोलल्या. रौप्यमहोत्सवी सोसायटीत असं वाक्य ऐकू येऊ नये.

बँकेत नवीन खातं उघडताना आम्ही ग्राहकाची ओळख पटवून घ्यायचो. भंगार न्यायला येणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तेच करा. नाव, मोबाईल, टेम्पोचा नंबर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये लिहा. धातू वेगवेगळे तोलायला सांगा. जमेची आणि नावेची बाजू आधीच वेगळी ठरवा. आणि "किती घेणार?" याच्या बरोबरीने "कुठे नेणार?" हेही विचारा. उत्तर देताना जो गडबडतो त्याला नमस्कार करा.

काही वस्तूंचे नियम वेगळे आहेत. जुना टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल हा ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्यावर नोंदणीकृत ठिकाणीच प्रक्रिया व्हायला हवी. नाहीतर तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो विषारी धूर गरीब वस्तीच्या नाकात जातो. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार नवीन घेताना परत घेतो, वर सूटही देतो. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती फोडू नका. आणि रद्दी देताना जुनी चेकबुकं, पासबुकं, आधार-पॅनच्या झेरॉक्स फाडून टाका. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क तर काढूनच ठेवा. बँकवाल्याचा हा सल्ला फुकट आहे, पण बिनकामाचा नाही!

आता माणसांबद्दल. आपल्या पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बायकांना कामगार म्हणून ओळख मिळाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. आपली सोसायटी सहकारी, त्यांचीही संस्था सहकारी. एका अर्थाने आपण भावकीतलेच. 'व्ही-कलेक्ट' या उपक्रमात ते जुने कपडे, फर्निचर आणि ई-कचराही घेतात.

आपल्याकडे रोज येणाऱ्या ताईंच्या हाताला मागे सुक्या कचऱ्यातली फुटकी काच लागली. टाके पडले, आणि चार दिवसांचा रोज बुडाला. काच जाड कागदात गुंडाळून वर "काच" लिहायला आपल्याला अर्धा मिनिट लागतं. डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला त्याहून कमी. उघडून बघायची पाळी त्यांच्यावर का आणायची?

शेवटी कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, वर्षातून दोनदा, त्यातला एक दिवाळीच्या आधीचा रविवार, सोसायटीने 'माळा-सफाई दिवस' ठरवावा. दोन ठिकाणचे लेखी दर मागवावेत, नावेच्या बाजूचा खर्च सोसायटीच्या खात्यातून चेकने द्यावा आणि माल कुठे गेला याची पावती फाइलला लावावी. दोन, फ्लॅटचं नूतनीकरण करणाऱ्या सभासदाकडून अनामत घ्यावी. राडारोडा वाघोलीच्या प्रक्रिया प्रकल्पात किंवा महापालिकेने नेमून दिलेल्या जागी पोचल्याची पावती दाखवली की ती परत करावी. तीन, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे भंगारवाला येईल तेव्हा सोसायटीतल्या एकाने सोबत बसावं. या तिसऱ्या कामासाठी माझं नाव आजच लिहून घ्या. माझ्याकडे वेळ आहे आणि ताणकाटा वाचता येतो.

घरातून काय गेलं हे आपण सगळेच बघतो. ते कुठे गेलं हे बघणारी सोसायटी अशी आपली पुढच्या पंचवीस वर्षांत ओळख व्हावी, एवढंच मागणं.