पहाऱ्यावर पहारा

रात्रीं सारें शहर झोपीं गेल्यावरहि बँकेच्या खात्यांत रकमा जमा होत असतात आणि टेलिफोनचे निरोप इच्छित स्थळीं पोंचत असतात. हीं कामें करणारे संगणक बहुधा युनिक्स नांवाच्या कार्यप्रणालीच्या परंपरेंतले असतात; घरोघरीं दिसणाऱ्या अँड्रॉइड फोनचा गाभाहि त्याच परंपरेंतला आहे. अशा यंत्रांत एकाच वेळीं शेंकडों कामें चाललेलीं असतात, आणि त्यांतलीं कांहीं अशीं कीं, तीं बंद पडलीं तर बाकीचीं चालून उपयोग नाहीं. या प्राणभूत कामांवर नजर कोण ठेवितो, आणि त्या नजर ठेवणारावर कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्प्सन व डेनिस रिची हे त्याचे प्रमुख कर्ते. पुढें १९९१ सालीं लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा स्वतंत्रपणें लिहिला, परंतु घराण्याची रीत तीच ठेविली. गाभा, म्हणजे ज्याला इंग्रजींत कर्नल म्हणतात तो, यंत्राची स्मृति, वेळ आणि साधनें यांची वांटणी करितो. चालूं असलेल्या प्रत्येक कामास प्रक्रिया म्हणतात व प्रत्येक प्रक्रियेस गाभा एक क्रमांक देतो.

या व्यवस्थेंत निरीक्षणाचा अधिकार नात्यावर आधारलेला आहे. नवी प्रक्रिया आधींच्या एखाद्या प्रक्रियेपासून उत्पन्न होते. पहिली जनक, दुसरी अपत्य. अपत्य संपलें कीं गाभा त्याची स्मृति परत घेतो, पण त्याचा क्रमांक व अंतकाळची हकीकत नोंदवहींत राखून ठेवितो. तें आपण होऊन संपलें कीं कोणी संपविलें, हें जनकानें येऊन विचारीपर्यंत ती नोंद सहसा पुसली जात नाहीं. काम संपलेलें पण नोंद उरलेली, अशा प्रक्रियेस झाँबी, म्हणजे चालतें प्रेत, असें नांव पडलें आहे. नांव भेसूर असलें तरी योजना शहाणपणाची आहे: अपत्याच्या मृत्यूची वार्ता जनकाला निश्चित मिळावी.

जनकच आधीं गेला तर पोरक्या अपत्याचें पालकत्व सामान्यतः क्रमांक १ च्या प्रक्रियेकडे जातें. तिचें परंपरागत नांव इनिट. महत्त्वाचीं कामें सुरू करणें व तीं पडलीं तर पुन्हां उभीं करणें, हीं तिचीं कर्तव्यें. मात्र ती आंधळेपणानें उभीं करीत नाहीं. लिनक्सवरील जुन्या पद्धतीच्या इनिटमध्यें असा नियम होता कीं, एखादें काम दोन मिनिटांत दहाहून अधिक वेळां कोसळलें तर पांच मिनिटें त्याचें नांव काढावयाचें नाहीं. रोग बरा न करितां रोग्याला पुनःपुन्हां उठवून बसविण्यांत अर्थ नसतो. आणि स्वतः इनिट संपली तर? लिनक्सचा गाभा त्या क्षणीं सर्व कारभारच थांबवितो.

परंतु व्यवहारांत पुष्कळदां एखादी तिऱ्हाईत प्रक्रिया पहारा करिते. पहावयाच्या प्रक्रियेचा क्रमांक ती कागदावर टिपावा तसा एका फाइलींत टिपून ठेविते आणि अधूनमधून शून्य क्रमांकाचा संकेत पाठवून, 'हा क्रमांक आहे काय?' असें गाभ्याला विचारिते. येथें दोन फसगती संभवतात. एक तर झाँबीचाहि क्रमांक नोंदवहींत असल्यामुळें उत्तर 'आहे' असेंच येतें. दुसरें, क्रमांक अमर्याद नाहींत. लिनक्समध्यें त्यांची परंपरागत मर्यादा ३२,७६८ होती. ते संपले कीं मोकळे झालेले क्रमांक पुन्हां वांटले जातात. मूळ भाडेकरू कधींच गेलेला, त्याच खोलींत दुसरा रहावयास आलेला, आणि दारावर थाप मारून आंतून 'ओ' आली म्हणून पहारेकरी समाधानानें परत फिरलेला, असा हा प्रकार होतो.

आणि खरी प्रक्रिया जिवंत असली तरी ती काम करीत आहे असें कोठें ठरतें? दोन प्रक्रिया एकमेकींच्या हातांतील वस्तूची वाट पहात अनंत काळ उभ्या राहूं शकतात. दोघीहि जिवंत, दोघीहि निरुपयोगी. मुंबईच्या विजेच्या लोकल गाडींत मोटरमनला एक दांडा सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला कीं गाडी थांबते. हेंच तत्त्व २०१० सालीं निघालेल्या सिस्टिमडी या नव्या इनिटमध्यें स्वीकारलें आहे. तसें ठरवून दिलें असल्यास प्रक्रियेनें ठराविक मुदतींत 'मी कामावर आहें' असा निरोप धाडलाच पाहिजे. तो चुकला तर ती निकामी समजून संपविली जाते व हुकूम असेल त्याप्रमाणें पुन्हां सुरू होते.

उरला स्वतः गाभा. तो गोठला तर त्याच्या आश्रयानें चालणारा कोणताच पहारेकरी हलूं शकत नाहीं. म्हणून शेवटचा पहारा यंत्राच्या विद्युत्‌मंडळांत, एका साध्या घड्याळाकडे सोंपविलेला असतो. त्यास वॉचडॉग, म्हणजे राखणीचा कुत्रा, म्हणतात. तें उलटें मोजीत असतें; मुदत पुष्कळदां ६० सेकंदांची असते. त्या आंत कोणी तें पुन्हां भरलें नाहीं, तर तें कोणाला न विचारतां यंत्र नव्यानें सुरू करितें. त्याला बुद्धि नाहीं, आणि म्हणूनच तें फसत नाहीं.

फसतो तो घड्याळ भरणारा. मुख्य कामाशीं संबंध नसलेली एखादी वेगळी प्रक्रिया केवळ वेळ झाली म्हणून तें भरीत राहिली, तर मुख्य काम मेलें तरी घड्याळ तृप्तच रहातें आणि सारा पहारा व्यर्थ होतो. यासाठीं जाणते योजक असा नियम पाळतात कीं, घड्याळ भरण्याचा हक्क नेमून दिलेलें काम प्रत्यक्ष पार पडल्यानंतरच मिळावा. ज्याच्या कामावर रात्रीच्या वेळीं हजारों घरांची भिस्त असते, त्याच्याकडून 'आहें' एवढेंच उत्तर घेऊन भागत नाहीं. 'केलें' हें उत्तर मिळावें लागतें.