शून्य आले नाही तरी



मूळ संख्यांवर बोलणार म्हटल्यावर चहाच्या वेळी दोघांनी हळूच विचारले, "किती वेळ?" घाबरू नका, थोडक्यात आवरतो.

१८ फेब्रुवारी २००५ रोजी इथे जर्मनीत, मिशेलफेल्डच्या डॉ. मार्टिन नोवाक यांच्या संगणकाला एक मूळ संख्या सापडली: २ चा २,५९,६४,९५१ वा घात, वजा १. लिहून काढली तर ७८,१६,२३० अंक! तेव्हा ज्ञात असलेली सर्वांत मोठी. नोवाक हे गणिती नव्हेत, डोळ्यांचे सर्जन. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'गिम्प्स' या प्रकल्पाविषयी त्यांनी वर्तमानपत्रात वाचले, एका पीसीवर सुरुवात केली आणि सहा वर्षांत चोवीस संगणक कामाला लावले.

अशा रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घातांक मूळ नसेल तर ती मूळ असूच शकत नाही. पण घातांक मूळ असला म्हणजे झाले, असेही नाही. ११ घ्या: २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मग तपासायचे कसे? भागाकार करत बसलो तर जन्म पुरणार नाही. लुकास-लेमर चाचणी सोपी आहे. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा. पुन्हा तेच, घातांकापेक्षा दोन कमी वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ७ चा घातांक ३, म्हणून एकदाच: १६ वजा २, म्हणजे १४. सातने भाग गेला! नोवाक यांच्या संख्येला पन्नासहून जास्त दिवस लागले. मग फ्रान्समध्ये वेगळ्या यंत्रावर पडताळणी झाली.

पण बहुतेक वेळा शून्य येत नाही, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. गिम्प्समध्ये तेव्हा ती नकोशी बाकीही नोंदली जात असे. पुढे दुसरे कोणी तोच हिशेब पुन्हा करत असे. दोन्ही बाक्या जुळल्या, तरच तो घातांक बाद होत असे.

आता माझी कबुली. पोस्टडॉक असताना माझा आठ महिन्यांचा प्रयोग फसला. वही कपाटात गेली. तीन वर्षांनी एका परिषदेत एक विद्यार्थिनी भेटली. तोच मार्ग, तेच अपयश, तिचे सव्वा वर्ष. मी सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग तुम्ही हे कुठे लिहिले का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पीएचडी होती.

नोवाक यांचा विक्रम त्याच डिसेंबरात मोडला. २०२४ मध्ये तर ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या सापडली. विक्रम मोडतात. पण नीट तपासून नोंदलेले 'नाही' मोडत नाही, आणि मागून येणाऱ्याची वाट वाचवते.

आपल्यापैकी बरेच जण प्रयोगशाळांत, कंपन्यांत आहेत. घरी गेल्यावर आपापले कपाट एकदा उघडून बघा. मी माझे उघडले आहे. ती वही आता टाइप करतो आहे.