लग्न दिल्लीला, मानपान केमला

ज्याच्या घरचें लग्न असतें तो बिचारा मांडव, स्वयंपाक आणि उधारी यांच्या विवंचनेंत बुडालेला असतो; मानपानाची बारीक चौकशी करावयास सवड असते ती शेजाऱ्यांना. भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीचें बरेंचसें असेंच आहे. राज्यघटनेनें या कार्याचें आमंत्रण फार थोड्या मंडळींना दिलेलें आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद, एवढेच काय ते मतदार. 2007 सालच्या निवडणुकींत त्यांची एकूण संख्या 4,896 होती. उरलेल्या शंभर कोटींहून अधिक लोकांना अक्षता टाकण्यापुरतेंहि बोलावणें नव्हतें. तथापि त्या वर्षींच्या जून-जुलै महिन्यांत मुंडावळ्या कोणाच्या कपाळीं बांधाव्या, याचा खल या न बोलावलेल्या मंडळींनींच अधिक केला.

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील केम हें गांव या बाबतींत मागें राहिलें नाहीं. पुण्याकडून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या अलीकडे केमचें स्टेशन लागतें. गांवांत उत्तरेश्वराचें देवालय आहे आणि गांवाची ख्याति कुंकवासाठीं आहे. हळद दळून तिच्यावर चुन्यासारख्या क्षारांचा संस्कार झाला म्हणजे पिवळ्याचें लाल होतें, हें ज्ञान या गांवांत रसायनशास्त्राच्या पुस्तकाआधीं येऊन पोंचलेलें आहे. आषाढ तोंडावर आलेला, पावसाची वाट पाहणें चाललेलें आणि वर्तमानपत्रांत रोज नवें नांव, अशा दिवसांत कुंकवाच्या कारखान्यापुढील बांकावर राष्ट्रपति नेमण्याचें काम करावयास अशा गांवांत एक तात्या आणि एक अण्णा असावयाचेच. तात्या म्हणजे रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नांवापर्यंत वाचणारे गृहस्थ. अण्णा म्हणजे कारखान्याचे धनी. वर्तमानपत्र वाचण्यापेक्षां पुड्या बांधण्यास अधिक उपयोगी पडतें, असें मानणारे.

तात्यांच्या मनांत दिल्लीच्या नांवें एक जुनें खातें चालू होतें आणि त्यांत येणें बरेंच थकलें होतें. पहिली नोंद 1969 सालची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढें भारताचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावरून 1956 सालीं मंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख त्या वर्षीं राष्ट्रपतिपदासाठीं उभे राहिले आणि तिसरे आले. त्यांच्या पहिल्या पसंतीच्या मतांचें मूल्य 1,12,769 भरलें. त्याच निवडणुकींत इंदिरा गांधींनीं मतदारांना अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत देण्यास सांगितलें होतें. एरवीं मुके असणारे अंतरात्मे त्या ऑगस्ट महिन्यांत असे बोलके झाले, कीं काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजल्यावर गिरींचीं 4,20,077 आणि रेड्डींचीं 4,05,427 अशीं मतें झालीं. देशमुखांच्या पहिल्या पसंतीच्या मतदारांपैकीं बहुतेकांनीं दुसरी पसंती रेड्डींना दिली, तरी ती पुरली नाहीं. तात्या हें सांगतांना नेहमीं एक सुस्कारा टाकीत.

दुसरी नोंद घराजवळची होती. सोलापूरच्या न्यायालयांत शिपाई, मग पोलिस फौजदार आणि पुढें 1974 सालीं करमाळ्याच्याच पोटनिवडणुकींतून विधानसभेंत गेलेले सुशीलकुमार शिंदे 2002 सालीं उपराष्ट्रपतिपदासाठीं उभे राहिले. त्या निवडणुकींत केवळ संसदेचे सभासद मत देतात. 12 ऑगस्टला निकाल लागला. भैरोसिंह शेखावत यांना 454 आणि शिंदे यांना 305 मतें पडलीं. करमाळा तालुक्यांत ज्यांनीं शिंद्यांना कधीं मत दिलें होतें आणि ज्यांनीं कधीं दिलें नव्हतें, त्या सर्वांनाच त्या दिवशीं आपलें कांहींतरी हरवल्यासारखें वाटलें. आपला माणूस हरला म्हणजे तो आपला होता, हें अधिक ठसठशीतपणें कळतें.

म्हणून 2007 सालीं राष्ट्रपतिपदासाठीं तेच शेखावत उभे राहिले आणि त्यांच्यासमोर खानदेशच्या प्रतिभाताई पाटील आल्या, तेव्हां तात्यांनीं ती वही पुन्हां उघडली. प्रतिभाताई 1962 सालीं जळगांवांतून विधानसभेंत गेल्या, पुढें राज्यसभेंत, लोकसभेंत आणि 2004 पासून राजस्थानच्या राज्यपालपदावर. गंमत अशी, कीं त्यांचे यजमान देवीसिंह हेहि शेखावतच. महाराष्ट्रांत त्यांचें वर्णन मराठी कन्या असें होऊं लागलें, तर राजस्थानांत त्यांना तेथील सून म्हणूं लागले. एका उमेदवाराला माहेर आणि सासर अशीं दोन राज्यें मिळावीं आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्याच आडनांवाशीं लढावें लागावें, असा योग निवडणुकीच्या कुंडलींत क्वचितच येतो.

पक्षांची कुंडलीहि त्या वेळीं फिरली. शिवसेना तेव्हां भारतीय जनता पक्षाची मित्र होती. मित्रपक्षाचा कल शेखावतांकडे असतांना सेनेनें मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. अण्णांना यांत भाबडेपणा दिसला. ते म्हणाले, "तात्या, मराठी राष्ट्रपति झाला म्हणून हळद काय स्वस्त होणार आहे?" तात्यांनीं उत्तर दिलें, "अण्णा, हळद स्वस्त होत नाहीं म्हणून कुणी लेकीचं लग्न थांबवतं का?"

मध्येंच एक वाद शब्दावरून निघाला. बाई राष्ट्रपति झाल्या तर त्यांना म्हणावयाचें काय? संस्कृत जाणणाऱ्यांना यांत अडचण नव्हती. पति म्हणजे धनी, पालक; सेनापति, सभापति या शब्दांत नवरेपणाचा कांहीं संबंध येत नाहीं. प्रतिभाताई 1986 ते 1988 या काळांत राज्यसभेच्या उपसभापति होत्या, तेव्हां त्या पदवीनें कोणाची झोंप उडाली नव्हती. पद एक पायरी खालीं असलें म्हणजे व्याकरणाची काळजी कमी असते, एवढाच याचा अर्थ.

खरा वाद निराळाच होता आणि तो अण्णांनीं काढला. "एवढा खटाटोप कशासाठीं? शेवटीं मंत्रिमंडळ सांगेल तिथं सही करायची. राष्ट्रपति म्हणजे देशाच्या कपाळावरचं कुंकू. शोभा आहे, पण त्यानं भाकरी भाजत नाहीं." कुंकवाच्या धंद्यांत जन्म काढलेल्या माणसानेंच कुंकवाला शोभेची वस्तु म्हणावें, याचें तात्यांना नवल वाटलें. "अण्णा," ते म्हणाले, "हळदींत भेसळ निघाली तर तुम्ही पोतं परत धाडतां कीं नाहीं? सहीचंहि तसंच आहे. परत धाडणारा पाहिजे."

तात्यांच्या या म्हणण्यास आधार होता. 25 जून 1975 च्या रात्रीं फक्रुद्दीन अली अहमद यांनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली. सही आधीं झाली होती. पुढें घटनेंत दुरुस्त्या होऊन राष्ट्रपतीनें मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेंच वागावें हें स्पष्ट झालें, पण 1978 च्या दुरुस्तीनें तो सल्ला एकदां फेरविचारासाठीं परत पाठविण्याची मुभाहि दिली. 1997 सालीं उत्तर प्रदेशांत राष्ट्रपति राजवट आणण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनीं परत पाठविली आणि मंत्रिमंडळानें ती सोडून दिली. 2006 सालीं लाभाच्या पदांविषयींचें विधेयक अब्दुल कलाम यांनीं परत पाठविलें; संसदेनें तें पुन्हां संमत केल्यावर त्यांना सही करावी लागली, पण मधल्या दिवसांत त्या विधेयकाकडे साऱ्या देशानें डोळे उघडून पाहिलें. शिक्का सर्वांच्या हातीं सारखाच दिसतो. तो उचलण्यापूर्वीं हात किती वेळ थांबतो, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

या वादाला खरें वळण दिलें तें कारखान्यांत पुड्या भरणाऱ्या एका आक्कानें. दोघांचें बोलणें ऐकत ती बराच वेळ हात चालवीत होती. तिनें विचारलें, "पण तात्या, ह्यांत आमचं मत कुठं बसतं?"

तात्यांनीं पाटीवरचें गणित सोडवावें तसें सोडविलें. 1971 च्या जनगणनेंत महाराष्ट्राची लोकसंख्या 5,04,12,235 भरली. तिला विधानसभेच्या 288 जागांनीं भागावें, आलेल्या आंकड्याला पुन्हां एक हजारानें भागावें आणि अपूर्णांक सोडून द्यावा, म्हणजे 175 उरतात. महाराष्ट्रांतील प्रत्येक आमदाराच्या मताचें वजन हें इतकें. उत्तर प्रदेशांतील आमदाराचें 208, सिक्कीमच्या आमदाराचें अवघें 7. संसदेच्या सभासदाच्या मताचें मूल्य त्या वर्षीं 708 होतें. आमदाराला गुलाबी मतपत्रिका मिळते, खासदाराला हिरवी. मतदान गुप्त असतें आणि पक्षाचा आदेश तेथें लागू होत नाहीं. करमाळ्याचा आमदार मुंबईस विधानभवनांत एका गुलाबी कागदावर जो आंकडा घालील, त्यांत सारा मतदारसंघ 175 होऊन बसलेला असतो.

"1971 सालची माणसं मोजली व्हय?" आक्कानें विचारलें. "माझी थोरली बहात्तरच्या दुष्काळांतली. तिला पोरंबाळं झाली. ती न्हाई त्यांत?"

ती त्यांत नव्हती. लोकसंख्या वाढविणाऱ्या राज्यांना त्याबद्दल मतांचें बक्षीस मिळूं नये म्हणून तो आंकडा 1976 सालीं गोठविला गेला आणि पुढें 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसाच ठेवण्याचें ठरलें. कारण समंजस होतें. पण दुष्काळांत जन्मून, वाढून, संसार करून आक्काची लेक राष्ट्रपतीच्या हिशेबांत अजून जन्मावयाची होती.

"आणि आम्हांला कुणी इचारलं कवा?" आक्का म्हणाली.

"विचारलं होतं, आक्का," तात्या म्हणाले. "तीन वर्षांमागं, विधानसभेच्या वेळीं. आमदार निवडला तेव्हांच हेंहि मत त्याच्या हातीं दिलं."

"तवा तर रस्त्याचं अन् पाण्याचं बोलत हुते. राष्ट्रपतीचं नांव कुनी काढलं न्हाई."

यावर तात्यांना उत्तर सुचलें नाहीं आणि अण्णांनीं प्रथमच वर्तमानपत्र सरळ धरलें.

19 जुलैला मतदान झालें आणि 21 तारखेस निकाल लागला. प्रतिभाताई पाटील यांच्या मतांचें मूल्य 6,38,116 आणि शेखावत यांचें 3,31,306. 25 जुलै 2007 रोजीं भारताच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपतीनें आणि पहिल्या मराठी राष्ट्रपतीनें शपथ घेतली. तात्यांच्या खात्यावर जमा पडली. पण आक्काचा प्रश्न कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हें ठरलें नाहीं.

तो प्रश्न करमाळ्यापुरता नव्हता. महाराष्ट्रानें 2007 च्या राष्ट्रपतीसाठीं आपलें मत 13 ऑक्टोबर 2004 रोजींच देऊन टाकलें होतें. त्या दिवशीं मतदारांच्या डोळ्यांपुढें रस्ता होता, पाणी होतें, जात होती, कोठें एखादें जेवणहि असेल. ज्यांनीं त्या वेळीं भाजप-सेना युतीला एकच समजून मत दिलें, त्यांच्यापैकीं कांहींचें वजन 2007 सालीं शेखावतांच्या पारड्यांत जाण्याच्या वाटेवर निघालें आणि कांहींचें प्रतिभाताईंच्या. उघार मुठींत दिलेलें मत कोठें जाऊन पडेल, हें सांगतां येत नाहीं.

पंधरा वर्षांनीं हा धडा अधिक रंगीत होऊन आला. 2022 च्या जून महिन्यांत महाराष्ट्राचे कित्येक आमदार प्रथम सुरतेस आणि तेथून गुवाहाटीस गेले, सरकार पडलें, नवें आलें आणि लगेच 18 जुलैला राष्ट्रपतीसाठीं मतदान झालें. 2019 सालीं मतदारांनीं दिलेलें प्रत्येकीं 175 चें वजन अशा रीतीनें अर्ध्या भारताची यात्रा करून विधानभवनांत परत आलें. त्या निवडणुकींत द्रौपदी मुर्मू विजयी झाल्या. त्यांच्या निवडीचें स्वागत अनेकांनीं मनापासून केलें. तथापि यात्रेला निघालेल्या त्या मतांना, बरोबर कोण आहे आणि कोठें चाललों आहों, हें कोणी विचारलें नव्हतें.

त्यांची पांच वर्षांची मुदत 2027 च्या जुलैंत पुरी व्हावयाची. त्या वेळीं गांवोगांवचीं बांकें पुन्हां भरतील, आपला माणूस कोण याचा शोध होईल आणि मानपानाचा कीस पडेल. परंतु त्या निवडणुकीसाठीं महाराष्ट्राच्या मतदारानें आपला कौल नोव्हेंबर 2024 मध्यें, गांवच्या शाळेंतील रांगेंत उभें राहून, आमदार निवडतांनाच दिलेला आहे. रस्ता आणि पाणी यांचा विचार त्या रांगेंत जरूर करावा. तें मागण्याचा हक्क कोणी सोडूं नये. त्याबरोबर आणखी एक लहानसा प्रश्न मनांत असावा. ज्या माणसाच्या हातीं केमचा आणि केमसारख्या गांवांचा तो गुलाबी कागद जाणार, त्याचा अंतरात्मा एरवींहि कधीं बोलतो काय, कीं केवळ कोणी बोलावयास सांगितलें म्हणजेच?

आक्कानें एवढेंच विचारलें होतें. तिला उत्तर देण्याची वेळ दर पांच वर्षांनीं येते, आणि ती राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या पुष्कळ आधीं येते.