लहान शाळेतील शिडी



भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारपेठेमुळे दूरवर ओळखले जाते. ह्या टापूतील वाड्यावस्त्यांवर मिरचीची तोडणी सुरू झाली, अथवा दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीस आला, की घरची थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत बांधावर राहते. जी कुटुंबे ऊसतोडीस जातात, त्यांची मुले तर कित्येक महिन्यांनी परततात. अशी मुलगी शाळेत परत येते तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला असतो आणि तिची हातच्याची वजाबाकी अर्धीच राहिलेली असते. तिने बसावे कोठे?

इयत्तेच्या हिशेबाने ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कायद्याने तिला वयानुरूप वर्ग मिळतो आणि ते योग्यच आहे. परंतु न समजणाऱ्या धड्यापुढे रोज मुकाट्याने बसणारे मूल आधी मनाने व मग देहाने शाळा सोडते.

उत्तर लहान शाळेच्या घडणीतच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असावयाचे. इयत्ता पाच आणि शिक्षक दोन, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता आल्याच. एका खोलीत निरनिराळ्या वयांची मुले बसणे ही येथे नित्याची स्थिती होय. तिला अडचण न मानता सोय मानिले, तर प्रत्येक मुलास आपल्या गतीने पुढे जाता येईल.

ही कल्पना परकी नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर वळले म्हणजे मूल पुढे जाई आणि वडील विद्यार्थी धाकट्यांचे पाठ घेत. मद्रासेत अशी रीत पाहून अँड्र्यू बेल यांनी ती आपल्या शाळेत आणिली व १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्थात त्या जुन्या शाळांत छडीचा व घोकंपट्टीचा अंमल होता. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथे जवळजवळ स्थान नव्हते. तेव्हा त्यांतून घ्यावयाची ती केवळ गतीची मोकळीक. पुढे १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते, पहिली व दुसरी ह्या इयत्ता, आणि शक्य तेथे पहिली ते चौथी, एकच सलग घटक मानाव्यात अशी शिफारस केली. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने आपल्या खेड्यांतील शाळांत ही दृष्टी प्रत्यक्षात आणिली. तेथे अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडून त्यांची शिडी भिंतीवर लावली जाते. प्रत्येक पायरीची कार्डे असतात आणि मूल आपली पायरी स्वतः ओळखते.

आपल्या शाळेत आरंभ एका विषयापासून करावा. वजाबाकीच्या दहा-बारा पायऱ्या पाडून जुन्या पुठ्ठ्यांची कार्डे करावीत. मुलांचे तीन गट बसवावेत : नवी गोष्ट शिकणारा गट शिक्षकाजवळ, सराव करणारा गट एकमेकांच्या साह्याने, आणि पक्के झालेले तपासून पाहणारा गट स्वतंत्रपणे. चौथीची मुलगी गणितासाठी दुसरीच्या मुलांजवळ बसेल, वाचनासाठी आपल्या सोबतिणींत जाईल. रोज जागा सर्वच जण बदलत असल्यामुळे तिला त्यात कमीपणा वाटणार नाही. मिरचीच्या विक्रीची हिशेबपट्टी तिने घरून आणिली, तर वजन, भाव आणि कापून घेतलेली रक्कम यांची उदाहरणे त्याच कागदावर तयार सापडतील.

तीन गोष्टींची मात्र खबरदारी घेतली पाहिजे. पहिली, आपली गती म्हणजे वाटेल तितकी संथ गती नव्हे. कोणते मूल एकाच पायरीवर किती दिवस थांबले, हे शिक्षकाच्या वहीत दर आठवड्यास दिसले पाहिजे. अबोल मूल बहुधा येथेच नजरेतून सुटते. दुसरी, थोरल्या मुलाने धाकट्यास साह्य करावे ते स्वतःचे ज्ञान पक्के होईल इतकेच. घरी भावंडे सांभाळणाऱ्या मुलीस शाळेतही तेच काम देणे अन्याय होईल. तिसरी, ही पद्धत रिकाम्या जागेची भरपाई होऊ शकत नाही. तीन गटांकडे लक्ष देण्यास शिक्षकाला कार्डे करण्याची उसंत हवी आणि जोडीला दुसरा शिक्षक हवा. ती मागणी पद्धतीच्या यशाने सैल पडू देऊ नये.

शेतीचा हंगाम शाळेच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही, आणि त्याचा दोष मुलांकडे जात नाही. परतलेल्या मुलीला भिंतीवरच्या शिडीत आपली पायरी जिथे सोडली तिथेच सापडली, म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही शाळेत येईल. लहान शाळेला हे साधणे मोठ्या शाळेपेक्षा सुलभ आहे.