समासातल्या रेषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त, सभासदांनी फावल्या वेळात काढलेल्या विनोदी चित्रांचे प्रदर्शन भरविण्यात आले. त्या प्रसंगी कोलकाता येथे केलेले भाषण.)



या सभागृहाच्या तीन भिंतींवर आज जी चित्रे लावलेली आहेत, त्यांपैकी एकही चित्र भिंतीवर लावण्यासाठी काढलेले नव्हते. कुणी लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढले आहे, कुणी वाणसामानाच्या यादीखाली, कुणी बैठकीच्या कार्यसूचीच्या कोऱ्या बाजूस. एक चित्र तर औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आहे. मंडळाने सभासदांना ही चित्रे आणून देण्याची विनंती केली, तेव्हा बहुतेकांचे पहिले उत्तर एकच होते : ‘अहो, त्यात काय दाखवायचे? वेळ जात नव्हता म्हणून काढले.’ या उत्तरात विनय आहे हे मला मान्य आहे; परंतु त्याच उत्तराशी आज थोडा वाद घालण्याची परवानगी मी आपणांकडे मागतो.

अशा रेघोट्यांना इंग्रजीत ‘डूडल’ असे एक गमतीदार नाव आहे. आपल्याकडे नाव नाही, क्रियापद आहे : गिरगटणे. आणि ते बहुधा रागावतानाच वापरले जाते. ‘वहीत काय गिरगटून ठेवले आहेस!’ हे वाक्य ऐकल्यावाचून लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस विरळा. लक्ष नसले की माणूस गिरगटतो, अशी आपली पक्की समजूत. २००९ साली इंग्लंडातील प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिची परीक्षा घेतली. चाळीस माणसांना त्यांनी दूरध्वनीवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकविला. त्यांपैकी निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरील आकार पेन्सिलीने भरावयास सांगितले होते. नंतर अचानक विचारले, तेव्हा हात चालू असलेल्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक मजकूर आठवला. एका प्रयोगाने सिद्धान्त होत नाही. पण बैठकीत गिरगटणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी नोकरांना तेवढाच आधार!

गिरगटणे हातातून येते आणि व्यंगचित्र डोक्यातून, असा भेद काही जण करतात. मात्र या दोहोंमधली सीमा किती पुसट आहे, हे आपण ज्या शहरात राहतो त्या शहराने जगाला दाखविले आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना कवितेतील एखादी ओळ नापसंत पडली की ते ती नुसती खोडत नसत. खाडाखोड वाढत जाई, एक खोड दुसरीला जोडली जाई आणि त्यातून एखादा चोचीचा प्राणी नाही तर एखादा विचित्र चेहरा डोके वर काढी. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम असताना लिहिलेल्या ‘पूरबी’च्या हस्तलिखितात अशा खाडाखोडी विपुल आहेत. त्यांच्या यजमानीण व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे त्यांकडे लक्ष गेले; आणि पुढे १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, त्यातही या बाईंचाच पुढाकार होता. तेव्हा रवींद्रनाथ सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्या वहीकडे कौतुकाने पाहणारे दुसरे डोळे भेटले नसते तर काय झाले असते, याचा विचार करावा. काढणाऱ्याला आपली रेघोटी नेहमीच क्षुल्लक वाटते. तिचे मोल दुसऱ्याला दाखविल्यावर कळते.

‘पण ते महाकवी, आम्ही नोकरदार,’ असे आपण म्हणाल. तर नोकरदारांचीच उदाहरणे घेऊ. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे हे व्यवसायाने स्थापत्य अभियंता. एका सिमेंट कंपनीत त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतील त्यांची चित्रे आणि ‘ललित’ मासिकातील त्यांचा ठणठणपाळ ठाऊक नाही, असा त्या पिढीचा वाचक मिळणे कठीण. आणि ही सारी चित्रे नोकरीतून उरलेल्या वेळातली. केरळातील कायमकुलम येथे १९०२ साली जन्मलेले शंकर पिल्लै मुंबईला कायदा शिकण्यास आले, तो सोडून एका जहाजमालकाच्या पदरी नोकरीस लागले आणि नोकरी सांभाळून वृत्तपत्रांना व्यंगचित्रे देऊ लागले. तेच पुढे दिल्लीस गेले आणि १९४८ साली त्यांनी ‘शंकर्स वीकली’ काढले. गोव्याचे मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवू लागले, तेव्हा त्यांच्या आईने त्यांच्या हाती कोरी वही दिली. त्या वहीतून त्यांची सचित्र रोजनिशी सुरू झाली, आणि त्या रोजनिश्यांतील गाव आज आपण पुस्तकरूपाने पाहू शकतो. मला त्या मातोश्रींचे अधिक कौतुक वाटते. मूल गिरगटते म्हणून वही काढून घेणाऱ्या माता पुष्कळ. वही आणून देणारी एखादीच.

या नावांकडे आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शंकर मल्याळी, त्यांची कीर्ती झाली दिल्लीत. आर. के. लक्ष्मण म्हैसूरचे, १९५१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ त्यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस मुंबईच्या वृत्तपत्रातून देश पाहत राहिला. आणि शंकर यांच्या हाताखाली तयार झालेले कुट्टी हेही केरळातले. बंगाली लिहिता-वाचता येत नसतानाही ‘आनंदबाजार पत्रिके’तून त्यांनी इथल्या घराघरांत स्थान मिळविले. परगावाहून आलेल्या माणसाला इथल्यांना न दिसणारे दिसते, हे त्याचे एक कारण असावे. जन्मापासून जे पाहिले ते डोळ्यांना दिसेनासे होते. नव्याने आलेल्याला तेच अजब वाटते. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस कधी बोलत नाही, नुसता पाहतो. आपणही या शहरात आलो तेव्हा भाषा येत नसल्यामुळे काही महिने नुसते पाहतच नव्हतो काय? व्यंगचित्रकाराचे निम्मे शिक्षण तेवढ्यात पुरे होते.

याचा पुरावा डाव्या भिंतीवर आहे. बंगालीत ‘व’चा उच्चार ‘ब’ होतो, हे आपण सारे सोसतो. आपल्या एका सभासदाने हावडा स्थानकाचे दार काढले आहे. छातीवर ‘व’ हे अक्षर मिरविणारा एक गृहस्थ वळकटी घेऊन उभा आहे, आणि दाराशी बसलेला कारकून त्या ‘व’च्या पोटात शांतपणे एक तिरपी रेघ ओढतो आहे. झाला ‘ब’! एका रेघेत वसंतरावांचे बसंतबाबू झाले. आता हे चित्र पुण्यास पाठवा. तिथे समजावून सांगावे लागेल. केवळ बंगाल्याला दाखवा. त्याला नागरीतील तिरप्या रेघेची गंमत कळणार नाही. हा विनोद समजण्यासाठी माणूस मराठी असावा लागतो आणि तो कोलकात्यात राहिलेला असावा लागतो. म्हणजे हा विनोद जगात फक्त आपला आहे. आपणच तो जपला नाही तर दुसरे कोणी जपणार नाही.

हसावे कोणाला, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. आपला समाज लहान. वर्तमानपत्रातील मंत्र्याला व्यंगचित्रकार रोज भेटत नाही. आपल्याला मात्र ज्याचे चित्र काढले त्याच्याच शेजारी संकष्टीच्या आरतीला उभे राहावयाचे असते. या बाबतीत सरकारी नोकराची एक सोय आहे. १९६४ चे आचरण नियम आम्हांला सरकारवर टीका करू देत नाहीत. स्वतःवर करण्यास कोणतीही मनाई नाही. या शहरातील गगनेंद्रनाथ ठाकुरांनी १९१७ ते १९२१ या काळात व्यंगचित्रांचे संग्रह प्रसिद्ध केले. इंग्रजांचे अनुकरण करणारा बाबू त्यांनी त्यांत सोडला नाही. आणि हा बाबू त्यांच्याच समाजातला होता. पंडित नेहरूंनी ‘मलाही सोडू नका’ असे शंकर यांना सांगितले होते, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. मला वाटते, कसोटी सोपी आहे : ज्याचे चित्र काढले, तोच येऊन ‘याची एक प्रत मला द्या’ म्हणाला, तर चित्र जमले. कोणाचे व्यंग, कोणाची गरिबी, कोणाच्या घरातील दुःख यांवर ओढलेली रेघ कितीही सुबक असली तरी ती आपल्या भिंतीवर नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः उभा आहे ती सांगतो. आपली तिसरी पिढी मराठी बोलते, पण तिच्यातील पुष्कळ मुलांना मराठी वाचता येत नाही. आपण त्यांच्या हाती कथासंग्रह देतो, आणि तो वाढदिवसाच्या कागदासह कपाटात जातो. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु काल संध्याकाळी चित्रे लावण्याचे काम चालू असताना हीच मुले ‘व’च्या चित्रापुढे थांबली आणि ‘हे अक्षर कोणते?’ म्हणून विचारू लागली. चित्रातील हशा आपल्यावाचून राहून जाईल, या भीतीने ती अक्षर विचारीत होती. शि. द. फडणीसांची बहुतेक चित्रे शब्दांवाचूनच बोलतात. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरील त्यांचे ते प्रसिद्ध चित्र आठवा : तरुण-तरुणी जवळजवळ उभी, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. ते पाहण्यास मुळाक्षरेही लागत नाहीत. अशी चित्रे मुलांना आधी दाखवावीत. मग एका शब्दाची, मग एका ओळीची. पायरी लहान असली म्हणजे पाय उचलतो.

आणि ही पायरी आपल्याच घरात रद्दीत जाते आहे. प्रवेशद्वाराजवळ चार चित्रे वेगळी लावलेली आपण पाहिली असतील. मंडळाच्या आरंभीच्या काळातील एका खजिनदारांची ती आहेत. गणेशोत्सवातले स्वयंपाकघर, वर्गणी देण्याचे टाळणारा सभासद, नाटकाच्या तालमीत झोपलेला नायक असे काही ना काही ते तीस वर्षे काढीत असत, असे जुने सभासद सांगतात. त्यांच्या पश्चात घर बदलले, कागदपत्रे आवरली गेली आणि चित्रांचा गठ्ठा कोणी काय समजून टाकला, कोण जाणे. ही चार वाचली, कारण ती त्यांनी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवर काढली होती, आणि हिशेबाची पुस्तके आपण टाकत नाही. मंडळाचा पन्नास वर्षांचा जमाखर्च आपणांजवळ पैन् पै आहे. पन्नास वर्षांचे हसू मात्र चार चिठोऱ्यांवर उरले आहे. सभांच्या इतिवृत्तांत कोण अध्यक्षस्थानी होते हे सापडते. त्या सभेत वातावरण कसे होते, हे झोपलेल्या नायकाच्या चित्रातच सापडते.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. चित्राच्या कोपऱ्यात तारीख, गाव आणि आपले नाव लिहावे. वीस वर्षांनी तेच महत्त्वाचे ठरते. खोडरबर शक्यतो वापरू नये. चुकलेल्या रेघेतही कधी कधी खरा चेहरा असतो. मोबाईलवर छायाचित्र अवश्य काढावे आणि नातेवाइकांस पाठवावे, पण मूळ कागद टाकू नये. छायाचित्रे फोनबरोबर जातात. मंडळाच्या ग्रंथालयात अशा कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे आणि दरवर्षीच्या अंकातील दोन पाने सभासदांच्या चित्रांना द्यावीत, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे. मुलांची चित्रे मोठ्यांच्या शेजारी लागावीत, वेगळ्या ‘बालविभागा’त नव्हे.

एक निकड आणखी आहे. आमच्या कचेरीत पूर्वी टिपणीचा हिरवा कागद असे आणि त्याला रुंद समास असे. सरकारी नस्तीवर गिरगटणे नियमबाह्य, हे मी जबाबदारीने सांगतो. तरी तो कोरा समास पाहून हाताला काही सुचत असे आणि शेजारचा कच्चा कागद ओढला जात असे. आता ई-ऑफिस आले. काम वेगाने होते, नस्ती हरवत नाही; पण पडद्याला गिरगटण्याजोगा समास नाही. फावला वेळही फोनच्या पडद्याने व्यापला आहे. जो समास पूर्वी आपोआप मिळत असे तो यापुढे ठरवून राखावा लागेल, कागदावर आणि दिवसातही.

सभागृहाच्या मागील बाजूस एका मेजावर कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. आपल्यापैकी ज्यांनी ‘मला चित्र कुठे येते?’ असे म्हणून काही आणले नाही, त्यांच्यासाठीच त्या आहेत. माझे भाषण चालू असताना काहींनी हाताशी असलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर काही काढले असल्यास तेही तिथे जमा करावे. वक्त्याची हरकत नाही. चहा येण्यास अजून दहा मिनिटे आहेत, आणि तेवढा फावला वेळ पुरेसा आहे.