एकत्र वर्गणी, सामायिक ग्रंथालय

ग्रंथालयांनी परस्परांस ग्रंथ उसने देण्याची प्रथा जुनी आहे. संगणकावरील नियतकालिकाचे तसे नाही. तेथे सत्ता चालते ती प्रकाशकाशी झालेल्या कराराची! म्हणून संस्थांनी मिळून वर्गणी भरण्याचा मार्ग निघाला. तंत्रशिक्षण संस्था, विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या अशा तीन योजना २०१५ साली ‘ई-शोधसिंधू’त एकत्र आल्या. पुढे २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना संमत केली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके. आयआयटीतील प्राध्यापकास जे वाचावयास मिळते, तेच गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील संशोधकासही मिळावे, हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे.

परंतु ही योजना शासकीय संस्थांपुरती आहे आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी महाविद्यालये उभारली ती बहुतांशी खाजगी शिक्षणसंस्थांनी, लोकवर्गणीतून. तेथील विद्यार्थ्याने काय करावे? ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकास वाचू देण्याची मुभा अनेक प्रकाशकांच्या करारांत असते. विद्यापीठांनी ती आग्रहाने मागून घ्यावी, आणि शेजारच्या महाविद्यालयांना तसे लेखी कळवावे.