गटाचं खातं गटाच्याच हाती

आमच्या बचत गटाचं फेसबुक खातं उघडेना. पासवर्ड विसरलो होतो. नवा पासवर्ड करायचा कोड जुन्या जीमेलवर जायचा, अन् ते जीमेल कुणालाच उघडता येईना. त्याला जोडलेलं सिम रिचार्जविना कधीच बंद पडलेलं. कुरडया-पापडाच्या ऑर्डरी तिथंच अडकल्या.

एक जण म्हणाला, "पाचशे रुपये द्या, उघडून देतो." आम्ही नको म्हटलं. खातं परत मिळवायला गूगल पैसे घेत नाही.

आधीच्या सचिवताईंच्या कपाटातला जुना फोन चार्ज केला. त्यात जीमेल अजून चालू होतं! 'पासवर्ड विसरलात?' दाबलं, त्याच फोनवर विचारणा आली, 'हो' म्हटलं. आधी जीमेल मिळालं, मग त्यावर कोड येऊन फेसबुकही.

म्हणून मैत्रिणींनो, जुना फोन विकण्याआधी खाती तपासा. नंबर बदलला की खात्यातही बदला. दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून अधूनमधून उघडत जा. ओटीपी कुणालाही सांगू नका. आमचा पासवर्ड आता कागदावर लिहून गटाच्या पेटीत, कुलपात आहे!